‘पहारेकरी दमलेत, सभागृह सोडा’: रशियाची संविधान सभा एका रात्रीत कशी संपली?

पहाटेचे चार वाजून गेले होते. पेट्रोग्राडच्या टॉराइड राजवाड्यात सभापती व्हिक्टर चेर्नोव्ह जमिनीच्या कायद्याबद्दल बोलत होते. तेवढ्यात पहाऱ्यावरचा एक खलाशी व्यासपीठावर आला आणि त्याने सभापतींच्या खांद्यावर हात ठेवला. पहारेकरी दमलेत, सगळ्यांनी सभागृह सोडावं, असं त्याने सांगितलं.

या खलाशाचं नाव अनातोली झेलेझ्न्याकोव्ह. आणि ज्या सभेला तो घरी जायला सांगत होता, ती होती कोट्यवधी रशियन लोकांनी मतदान करून निवडलेली संविधान सभा. तिचं आयुष्य जेमतेम 13 तासांचं ठरलं.

ही सभा आली कुठून?

फेब्रुवारी 1917 च्या क्रांतीत झारची सत्ता गेली. पुढे देश कसा चालवायचा, हे लोकांनी निवडलेली सभा ठरवेल, असं हंगामी सरकारने जाहीर केलं. निवडणूक मात्र पुढे पुढे ढकलली जात होती. गंमत म्हणजे या दिरंगाईवर सर्वांत जास्त ओरडणाऱ्यांमध्ये बोल्शेविक होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनीच सत्ता घेतली, तेव्हा मतदानाची तारीख तोंडावर आली होती. ती रद्द करणं त्यांना परवडणारं नव्हतं.

नोव्हेंबर 1917 मध्ये मतदान सुरू झालं. 4 कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं. त्यात महिलाही होत्या. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या महिलांना तेव्हा राष्ट्रीय पातळीवर समान मताधिकार मिळालेला नव्हता, हे लक्षात घेतलं तर ही निवडणूक काळाच्या किती पुढे होती हे कळतं.

निकालाने मात्र लेनिनची अडचण केली. शेतकऱ्यांमध्ये मुळं असलेल्या समाजवादी क्रांतिकारी पक्षाला, म्हणजे एसआर पक्षाला, सुमारे 40 टक्के मतं मिळाली. बोल्शेविकांना साधारण 24 टक्के. पण ही 24 टक्के मतं कुठे होती, तेही बघायला हवं. पेट्रोग्राड, मॉस्को आणि राजधानीजवळच्या आघाड्यांवरचे सैनिक बोल्शेविकांकडे होते. एसआरची मतं खेड्यापाड्यांत विखुरलेली होती. संख्या एकाकडे, बंदुका दुसऱ्याकडे.

लेनिनचा युक्तिवाद असा होता की निकाल शिळा झाला आहे. एसआर पक्ष फुटला होता, त्याचा डावा गट बोल्शेविकांसोबत गेला होता, पण उमेदवारांच्या याद्या फुटीआधीच्या होत्या. या म्हणण्यात तथ्य होतं. पण त्यावर उपाय म्हणून त्याने फेरनिवडणूक घेतली नाही. सोव्हिएत, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदा, हीच वरच्या दर्जाची लोकशाही आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

ती रात्र

सभा भरली 18 जानेवारी 1918 ला. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं, त्यानुसार 5 जानेवारी. त्या दिवशी सभेला पाठिंबा देणाऱ्या मोर्चावर शहरात गोळीबार झाला, माणसं मेली. लेखक मॅक्झिम गॉर्कीने त्याची तुलना थेट झारच्या काळातल्या 1905 च्या ‘रक्तरंजित रविवारा’शी केली.

आत, गॅलरीत सशस्त्र खलाशी आणि सैनिक बसले होते. बोलणाऱ्यांवर हुर्यो उडवली जात होती, बंदुका रोखल्या जात होत्या. चेर्नोव्ह 244 मतं मिळवून सभापती झाले. बोल्शेविकांची मागणी एकच होती: सोव्हिएत सत्ता मान्य करा. सभेने त्यावर चर्चा करायलाच नकार दिला. मग बोल्शेविक उठून गेले, त्यांच्यामागे डावे एसआरही. लेनिनने पहारेकऱ्यांना सांगून ठेवलं होतं की बळ वापरू नका, बोलू द्या हवं तेवढं, पण उद्या कुणाला आत सोडू नका.

खलाशाने टोकल्यावर उरलेल्या सदस्यांनी घाईघाईत ठराव उरकले: जमिनीची खासगी मालकी रद्द, महायुद्ध थांबवण्यासाठी आवाहन, आणि रशिया हे लोकशाही संघराज्य. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप होतं. सभा बरखास्त झाल्याचा हुकूम निघाला. त्याच सुमारास उदारमतवादी कॅडेट पक्षाचे दोन कैदी नेते, शिंगार्योव्ह आणि कोकोश्किन, यांना इस्पितळात गोळ्या घालून मारण्यात आलं.

मग लोक पेटून का उठले नाहीत?

एसआरला मत देणाऱ्या शेतकऱ्याला सर्वांत आधी हवी होती जमीन. आणि ती त्याला आधीच मिळत होती. ऑक्टोबरमध्ये सत्ता घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी बोल्शेविकांनी जमिनीचा हुकूम काढला होता. त्यातला मोठा भाग एसआरच्याच कार्यक्रमातून उचललेला! एसआर पक्ष मात्र हंगामी सरकारमध्ये असताना महिनोन्‌महिने ‘संविधान सभा भरली की बघू’ म्हणत थांबला होता. त्यामुळे चेर्नोव्ह पहाटे जो कायदा वाचत होते, तो गावागावांत तोवर प्रत्यक्षात उतरत होता. शेतकऱ्याला राजधानीतल्या कुलूपबंद सभागृहासाठी लढण्याचं कारण उरलं नव्हतं.

जून 1918 मध्ये व्होल्गाकाठच्या समारा शहरात काही सदस्यांनी सभेच्या नावाने सरकार उभं केलं. सैन्यभरतीला तिथल्या शेतकऱ्यांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅडमिरल कोल्चाक यांनी सायबेरियात सत्ता बळकावली आणि एसआर नेत्यांची धरपकड सुरू केली. म्हणजे या सभेला संपवणारे शेवटी दोन्ही बाजूंना होते, लाल आणि पांढरे.

झेलेझ्न्याकोव्ह 1919 मध्ये यादवी युद्धात मारला गेला. चेर्नोव्ह देश सोडून गेले आणि 1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. एकाहून जास्त उमेदवारांमधून निवड करण्याची संधी सोव्हिएत मतदारांना देशपातळीवर मिळाली ती थेट 1989 मध्ये.