क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर दुभंगावा का लागतो?

१/
एखाद्या गॅरेजच्या शेडमध्ये छोटा ट्रॅक्टर मधोमध विलग करून ठेवलेला आपण पाहिला असेल. पुढे इंजिन आणि पुढची चाके, मागे गिअरबॉक्स आणि मागची चाके, मध्ये माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा. अपघात झालेला नसतो. केवळ क्लच प्लेट बदलायची असते. ताटाएवढ्या चकतीसाठी अख्खे यंत्र का दुभंगावे लागते? उत्तरासाठी १९१७ पर्यंत मागे जावे लागेल.

२/
प्रथम क्लचचे कार्य पाहू. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरलेली असते. त्या घर्षणातून इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबताच रिलीज बेअरिंग पुढे सरकून ‘फिंगर’ नावाच्या तरफा दाबते, प्रेशर प्लेट मागे ओढली जाते आणि क्लच प्लेट मोकळी होते. जोडणे आणि तोडणे, एवढेच तिचे काम.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभीचे ट्रॅक्टर लोखंडी सांगाड्यावर उभे असत. सांगाड्यावर इंजिन वेगळे, गिअर वेगळे. धूळ आत शिरे, दात लवकर झिजत. परंतु एखादा भाग बिघडला तर तेवढाच खोलता येई. भार सांगाडा पेलत असे, यंत्राचे भाग नव्हेत.

४/
१९१३ च्या ‘वॉलिस कब’ने बॉयलरच्या पत्र्याचे वक्र कवच वापरून इंजिन आणि गिअर झाकून घेतले. पुढचे पाऊल हेन्री फोर्ड यांच्या ‘फोर्डसन’ने १९१७ मध्ये टाकले. हंगेरीत जन्मलेले अभियंते यूजीन फार्कस यांनी सांगाडाच काढून टाकला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची बिडाची घरे एकमेकांना बोल्टने जोडली. आता ही घरेच ट्रॅक्टरचा कणा झाली.

५/
लाभ उघड होता. लोखंड कमी लागले, कारखान्यातील जुळणी जलद झाली, गिअर धुळीपासून सुरक्षित झाले. १९२२ मध्ये फोर्डसनची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली. अमेरिकेतील उत्पादन १९२८ मध्ये थांबेपर्यंत सात लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले होते. मात्र क्लच त्या कण्याच्या सांध्यात बंदिस्त झाला. कारखान्यात वाचलेले श्रम पुढे दुरुस्तीच्या खात्यात जमा झाले.

६/
फोर्डसनचा क्लच अनेक चकत्यांचा होता आणि तेलात बुडालेला असे. थंडीत तेल घट्ट झाले की पेडल दाबूनही चकत्या पुरत्या सुटत नसत. पुढे हॅरी फर्ग्युसन यांच्या रचनेवर आधारलेला फोर्ड ९एन (१९३९) आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनलेला फर्ग्युसन टीई-२० (१९४६ ते १९५६) यांनी एकच कोरडी प्लेट वापरली. हलक्या, आटोपशीर ट्रॅक्टरचा हा नमुना जगभर पसरला. बिनसांगाड्याचा कणा मात्र तसाच राहिला.

७/
या ट्रॅक्टरांत दुसरी अडचण होती. एकाच क्लचमधून चाके, पीटीओ आणि हायड्रॉलिक पंप हे तिन्ही चालत. पेडल दाबले की ट्रॅक्टरबरोबर मागचे यंत्रही थांबे. त्याहून धोकादायक प्रसंग गवत कापण्याच्या यंत्राचा. पेडल दाबल्यावरही त्याचे जड पाते फिरतच राही आणि त्याची गती पीटीओमधून उलटी गिअरबॉक्सकडे, तेथून चाकांकडे जाई. चालकाने क्लच दाबला आहे, तरी ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो! म्हणून पीटीओवर एकाच दिशेने गती देणारी विशेष जोडणी बसवण्याची प्रथा पडली.

८/
१९४६ मध्ये कॅनडाच्या ‘कॉकशट ३०’ने स्वतंत्र, सतत चालणारा पीटीओ दिला. १९५० च्या दशकाच्या मध्यास ‘फर्ग्युसन ३५’च्या काही प्रकारांत दोन टप्प्यांचा क्लच आला. पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात. पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. एका घरात दोन प्लेटा आल्याने सोय वाढली, तशी जुळवणीही अधिक नाजूक झाली.

९/
भारतात १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या ‘टॅफे’ने मॅसी-फर्ग्युसनशी सहकार्य केले. १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांचा संयुक्त उद्योग उभा राहिला आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. त्याच दशकात जपानच्या ‘कुबोटा’ने छोट्या ट्रॅक्टरांकडे लक्ष वळवले, १९६९ मध्ये त्यांचा २१ अश्वशक्तीचा एल-२०० अमेरिकेत पोहोचला. आज नाशिकच्या द्राक्षबागांत ओळींमधून फिरणारे, मागे ब्लोअर ओढणारे मिनी ट्रॅक्टर याच कुळातले. ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर थांबला तरी फवारा चालू ठेवता येतो, ही सोय पीटीओच्या याच इतिहासाने दिलेली आहे.

१०/
आता जुळवणीकडे येऊ. पेडल हाताने हळूच दाबा. आरंभी ते सहज खाली जाते आणि मग जोर लागू लागतो. ही आरंभीची मोकळी चाल म्हणजे ‘फ्री प्ले’. अनेक छोट्या ट्रॅक्टरांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. प्लेटचे अस्तर झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, फिंगरांची आतली टोके बेअरिंगकडे येतात आणि ही चाल कमी होत जाते.

११/
चाल शून्य झाली की बेअरिंग सतत फिंगरांवर टेकून राहते. क्लच घसरतो, तापतो, प्लेट जळते. चाल फार वाढली तर प्लेट पुरती सुटत नाही आणि गिअर टाकताना दात करकरतात. उपाय साधा आहे: जोडदांड्यावरील लॉकनट सैल करून लांबी कमी-अधिक करायची, चाल मोजायची, नट पुन्हा घट्ट करायचा. पेडलवर पाय टेकवून ट्रॅक्टर चालवण्याची सवय मात्र ही सारी मेहनत वाया घालवते.

१२/
प्लेटच संपली असेल तर ट्रॅक्टर दुभंगण्यावाचून गत्यंतर नाही. बॅटरी, तारा, हायड्रॉलिक नळ्या आणि स्टिअरिंगचे दुवे सोडवतात. पुढचा आस मधल्या खिळीवर डुलतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकतात. नाहीतर सुटलेला पुढचा भाग कलंडतो. दोन्ही भागांना भक्कम आधार दिल्यावरच सांध्याचे बोल्ट निघतात. केवळ जॅकच्या भरवशावर मधोमध कोणीही शिरू नये.

१३/
एवढे खोलल्यावर केवळ प्लेट बदलणे ही खोटी बचत ठरते. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकच्या मागच्या बाजूचे ऑइल सील आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग त्याच वेळी तपासावेत. सर्व फिंगरांची उंची समान असावी. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. ब्रिटनने त्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली. म्हणून जुन्या क्लचमधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये; ती ओल्या फडक्याने पुसावी.

१४/
जोडताना नवी प्लेट मध्यावर धरण्यासाठी जुना शाफ्ट किंवा त्याच मापाचा दांडा वापरतात. खाचा जुळत नसतील तर इंजिन हाताने किंचित फिरवून पुन्हा प्रयत्न करायचा. बोल्ट आवळून दोन भाग ओढून आणणे हा मोठा प्रमाद; बिडाचे घर तडकते. आणि ते घर म्हणजे ट्रॅक्टरचा कणा, हे आपण वर पाहिलेच. सांधा जुळला की शेवटी पुन्हा पेडलची मोकळी चाल मोजायची.

१५/
यंत्राचा इतिहास आपण बहुधा शोधकर्त्यांच्या नावांनी वाचतो. पण १९१७ मध्ये कागदावर घेतलेल्या एका निर्णयाची किंमत आजही शेतकरी हंगामाच्या मध्यावर, काम थांबवून मोजतो. त्या खर्चाला लांबणीवर टाकणारी गोष्ट म्हणजे पेडलखालची बोटभर मोकळी जागा. आपल्या घरी जुन्या ट्रॅक्टरची तेलकट डागांची पुस्तिका असेल, तर ती रद्दीत देऊ नका. समासातील पेन्सिलीच्या नोंदी वाचा: कोणत्या वर्षी प्लेट बदलली, किती तास चालली, कोणाच्या हातून. तेही इतिहासाचेच साधन आहे.