प्रोस्टेटची वाढ : ग्रंथी किती ग्रॅमची, की त्रास किती?

रात्री उसाला दारे धरणारा शेतकरी लघवीसाठी किती वेळा थांबतो, हे घरच्यांना कळत नाही. उजनीच्या काठी केत्तूर, वांगी, कंदरपासून टेंभुर्णीपर्यंत शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच येते. माणूस बांधावर असतो, तिथेच मोकळा होतो. म्हणून दवाखान्यात साठीचा रुग्ण म्हणतो, "तसा काही त्रास नाही, वयाचं चालायचंच." वडील घरी झोपू लागले की मगच मुलाला रात्रीच्या फेऱ्या मोजता येतात.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी. वय आणि पुरुष संप्रेरकांमुळे ती वाढते. धार बारीक होते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, आली की दम धरवत नाही. आपल्याकडे बरेच जण दोष धरणाच्या पाण्याला देतात. त्या पाण्याबद्दलची तक्रार रास्त आहे, पण प्रोस्टेट त्याने वाढत नाही. ही वाढ म्हणजे कर्करोगही नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोग होत नाही. मात्र दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून डॉक्टर पीएसए ही रक्ततपासणी सुचवतात.

डॉक्टरांची नजर आणि तुमची नजर

डॉक्टर पाहतात सोनोग्राफीचा कागद : ग्रंथी किती ग्रॅमची, लघवीनंतर मूत्राशयात किती उरली. तुमच्या मनात असते ऑपरेशन, पुरुषत्व, खर्च आणि तोंडावर आलेला तोडणीचा हंगाम. मोठी ग्रंथी असून शांत झोपणारे असतात आणि लहान ग्रंथी असून रात्रभर उठणारेही. म्हणून लक्षणांसाठी 7 प्रश्नांची, 35 गुणांची प्रश्नावली वापरतात. 7 पर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, 20 च्या पुढे तीव्र. तिला जोडून आठवा प्रश्न येतो : उरलेले आयुष्य लघवीचे असेच राहिले, तर तुम्हाला कसे वाटेल? माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच, आणि ओपीडीच्या गर्दीत राहून जातो तोही हाच. कुणी विचारला नाही, तर उत्तर आपणहून सांगा. त्रास सोसण्याजोगा असेल आणि तपासण्या ठीक असतील, तर औषध न घेता ठरावीक काळाने तपासत राहणे हाही योग्य उपचार आहे.

टॅमसुलोसिनसारख्या गोळीने काही दिवसांत धार सुधारते. पण उठताना चक्कर येऊ शकते. सुरुवातीच्या रात्री एकटे विहिरीकडे किंवा मोटारीकडे जाऊ नका. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल, तर ही गोळी चालू असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करतात, त्याला सुमारे सहा महिने लागतात. त्यांनी पीएसए जवळपास निम्मा दिसतो आणि काहींची लैंगिक इच्छा कमी होते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटावर छेद नसतो. ताठरता बहुधा टिकते, पण बऱ्याच जणांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने इजा होत नाही. डॉक्टर हे सांगायला संकोचतात, रुग्ण विचारायला. पत्नीला बरोबर घेऊन विचाराच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हे दाखल होण्याआधी आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

इथे मात्र थांबू नका

लघवी पूर्ण तुंबली, रक्त आले, थंडी-तापासह जळजळ झाली, तर लगेच दवाखाना गाठा. सर्दीच्या काही गोळ्या आणि दारू यांनीही लघवी अचानक तुंबते.

सर्वांत फसवे लक्षण न दुखणारे आहे : मोठ्या माणसाचे अंथरूण रात्री ओले होणे. धरण भरले की सांडव्यावरून पाणी जाते, तसे मूत्राशय काठोकाठ भरून सांडते आणि फुगवटा मागे मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. घरचे याला म्हातारपण समजतात, रुग्ण लाजेने चादर स्वतःच धुतो, आणि तोवर क्रिएटिनिन वाढलेले असते. तिथे तुमची आवडनिवड मागे पडते. आधी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते.

तपासणीला येताना तीन दिवसांची नोंद आणा : केव्हा, किती लघवी झाली, रात्री किती वेळा उठलात. चालू गोळ्याही आणा. एसटीत अडचण नको म्हणून करमाळ्याहून सोलापूरपर्यंत पाण्याचा घोटही न घेता येणारे पुष्कळ असतात. मग मूत्राशय भरेपर्यंत सोनोग्राफी खोळंबते. बाटली बरोबर ठेवा आणि सोलापूरला उतरल्यावर प्या.