तळटीप १४ : तारांकित प्रश्न

तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतो. अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते. कर्नाटकातल्या औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या आमदाराने रिक्त पदांविषयी विचारलेला प्रश्न म्हणजे निव्वळ सोपस्कार, असे मूळ लेखक सुचवतो. हे मत पुराव्याला धरून नाही. संविधानाच्या ९८व्या दुरुस्तीने (२०१२) आलेला ३७१(जे) हा अनुच्छेद बिदर, कलबुर्गी, रायचूर, यादगीर, कोप्पळ व बळ्ळारी या तेव्हाच्या सहा जिल्ह्यांसाठी आहे. वेगळे विकास मंडळ, त्याच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे, नोकऱ्यांत व शिक्षणात स्थानिकांना राखीव जागा, अशा तरतुदी त्याखाली आहेत. यातला अहवाल महत्त्वाचा, कारण ‘किती निधी मिळाला, किती खर्चला’ असे विचारायला आमदाराला घटनेचाच आधार मिळतो.

दुरुस्ती आंदोलनाने मिळाली, प्रश्नांनी नव्हे, हा आक्षेप खरा आहे. पण आंदोलन हक्क मिळवून देते. त्या हक्काची दरवर्षी झडती घेणे हे त्याचे काम नव्हे. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असले उत्तर येते (आणि फार वेळा येते!), तेही कामकाजात छापले जाते, मंत्र्याने आश्वासन दिले असेल तर आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. प्रश्नाने पद भरले जात नाही, मात्र ते रिकामे असल्याची कबुली सरकारच्याच तोंडून नोंदली जाते. कामकाज चाळताना या भागाविषयीच्या २०१९ पूर्वीच्या नोंदी ‘हैदराबाद-कर्नाटक’ आणि नंतरच्या ‘कल्याण कर्नाटक’ या नावाखाली शोधाव्यात.