प्राणवायूची दुसरी बाजू

मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे दवाखान्याची पायरी आधी कोण चढतं, हे सांगायला नको. बाईसाठी ‘वांझ’ हा शब्द भाषेने केव्हाच तयार ठेवला होता. पुरुषासाठी तसा नेमका शब्द रुळलाच नाही. ‘नपुंसक’ म्हणतात, पण त्याचा अर्थ निराळा. शरीरसंबंधात काहीच अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही दोष असू शकतो. हे उमगायला विज्ञानालाही वेळ लागला.

१६७७ साली डेल्फ्टच्या लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून शुक्रजंतू पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. ते वळवळतात हे दिसलं. ते मंदावतात का, हा प्रश्न मात्र पुढची अडीच शतकं तसाच राहिला.

१९४३ साली अमेरिकेत जॉन मॅक्लिओड यांना एक विचित्र गोष्ट आढळली. भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावत होती. कॅटलेज हे विकर घातलं, की ती टिकत होती. कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन करतं. म्हणजे ज्या वायूवर आपण जगतो, त्याच्यापासूनच तयार होणारं हे रसायन शुक्रजंतूंना घातक ठरत होतं.

कारण पुढे उलगडलं. शुक्रजंतूच्या आवरणात असंतृप्त मेद भरपूर असतो. उघड्यावरचं तेल खवट व्हावं तसा तो बिघडतो. शिवाय हलकं होण्यासाठी ही पेशी आपला बहुतेक पेशीद्रव टाकून देते, आणि त्यासोबत संरक्षक विकरंही जातात. १९७९ साली जोन्स, मान आणि शेरिन्स यांनी मानवी शुक्रजंतूंमधला हा बिघाड दाखवला. १९८७ साली एडिनबरोच्या एटकेन आणि क्लार्कसन यांनी शुक्रजंतू स्वतःच ही दाहक रसायनं तयार करतात, हे मांडलं. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संज्ञा तोवर रूढ होऊ लागली होती. धूम्रपान, जंतुसंसर्ग, वृषणाच्या फुगलेल्या शिरा ही त्याची काही कारणं.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा बाजार भरला. पण हीच रसायनं अल्प प्रमाणात शुक्रजंतूला फलनक्षम व्हायला लागतात, हे १९९०च्या दशकात स्पष्ट झालं होतं. त्यामुळे ती सरसकट मारून भागत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘मॉक्सी’ चाचणीत अशा गोळ्यांनी वीर्याच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही. त्याच वर्षी झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या मोठ्या चाचणीतही जिवंत बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढलं नाही.

या इतिहासातून हमखास औषध अजून हाती आलेलं नाही. पण वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही. तरी अनेक घरांत बाईची दुर्बिणीतून तपासणी होते, उपासतापास होतात, आणि नवऱ्याचा रिपोर्ट सगळ्यात शेवटी मागितला जातो. निदान हा क्रम बदलायला तरी नव्या संशोधनाची वाट पाहायला नको.