तापत्रय, रसायन आणि नाद

अमुक राग अमुक रोगावर, अशा याद्या संगीतोपचाराच्या चर्चेत सर्रास दिल्या जातात आणि त्यांच्यामागे 'प्राचीन शास्त्र' उभे केले जाते. 'संगीतरत्नाकर' मात्र वेगळेच, आणि माझ्या मते अधिक मोलाचे, सांगतो.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. ग्रंथारंभी तो स्वतःविषयी म्हणतो, की दानाने विप्रांचे दैन्य, विद्येने जिज्ञासूंची तळमळ आणि रसायनांनी रोग्यांची पीडा हरण केली. आता सर्व लोकांचा तापत्रय हरावा म्हणून हा ग्रंथ. म्हणजे वैद्यक जाणणाऱ्या या माणसाने रोग्याला औषधच दिले. संगीत योजिले ते तापत्रयासाठी. आता, वाचस्पती मिश्र आध्यात्मिक तापाचे शारीर आणि मानस असे दोन भेद करतात. काम, क्रोध, भय, विषाद हे मानस. आपण ज्याला मानसिक अस्वास्थ्य म्हणतो, ते या परिभाषेत 'आध्यात्मिक' या शब्दाच्या पोटातच येते.

पुढे पिंडोत्पत्तीचे प्रकरण आहे. गर्भाची वाढ, धातू, चक्रे! (गाण्याच्या ग्रंथात हे कशाला, असे विद्यार्थी हमखास विचारतात. नाद देहातच उपजतो, म्हणून.) त्यानंतर येणारे विधान मला सर्वांत धीट वाटते: अनाहत नाद मुक्ती देतो खरा, पण तो रंजक नाही, सामान्यांसाठी आहत नाद, कारण तो लोकरंजकही आहे आणि भवभंजकही. रंजन आणि मुक्ती यांची फारकत शार्ङ्गदेवाने येथे तरी केलेली नाही.