आतला तणावा

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही गावे ज्या उल्हास नदीच्या खोऱ्यात नांदतात, तिच्या वरच्या पात्रात शिडाचे तारू फिरकण्याजोगे पाणी नाही. तथापि भरती जिथवर चढते त्या कल्याणच्या बंदराने हजार वर्षांहून अधिक काळ दर्यावर्दी कसब पोसले. उल्हासनगराला तर 1949 साली नावच या नदीवरून मिळाले. समुद्रमार्गे सिंध सोडून आलेल्या कित्येक निर्वासितांच्या नशिबी नदीच्या नावाचेच गाव यावे, हा योग विलक्षणच. सहाव्या शतकातील कॉस्मस हा ग्रीक लेखक कल्याणहून पितळ, लाकूड व कापड परदेशी जात असल्याचे नमूद करतो. आणि ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडीचा मुलूख हस्तगत होताच शिवाजी महाराजांनी येथेच जहाजबांधणीचा कारखाना घातला, त्यावर रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज काही काळ राबला, आणि स्वकीयांनी फोडल्यावर काम टाकून निघूनही गेला.

कल्याणच्या खाडीतील मचव्यांची व गलबतांची एक रचना मात्र कारागिरांच्या बुद्धीची साक्ष देते. डोलकाठी किंचित पुढे झुकलेली असे, आणि तिला नाळेशी जखडणारा कायमचा तणावा बहुधा नसे. परक्यांना ही उणीव वाटली असेल. मला ती योजना वाटते. तिरकस शिडाची लांबलचक आडकाठी बाजू पालटताना डोलकाठीच्या पुढून फिरवावी लागे, तेथे तणावा असता तर तो आडवाच आला असता. म्हणून सारा भार बाजूच्या दोरखंडांवर टाकीत, आणि तेही वाऱ्याच्या अंगाला ताणून, बाजू पालटली की सोडून दुसऱ्या अंगाला आवळीत.

युरोपी परंपरेची वाट निराळी: तेथे पुढचा तणावा कायमचा, आणि पुढचे शीड त्यावरच चढते. 1963 पासून मुंबईत सागवानात घडत गेलेली 32 फुटी ‘सुहेली’ ही नौका याच परंपरेतली; हिच्या पुढच्या अंगाला दोन शिडे एकामागे एक उभारता येत. हिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 312 दिवसांत, न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी फाल्मथ गाठले. नंतर कारखान्यांतून निघालेल्या बहुतेक फायबरच्या नौकांना पुढे एकच मोठे शीड उरले, जे वादळात निम्मे गुंडाळले की पोट फुगवून बसते आणि नौकेचे तोंड वाऱ्यापासून दूर ढकलते. म्हणून अशा जुन्या नौकांचे मालक आज आतला तणावा बसवितात: डोलकाठीच्या वरच्या भागापासून, नाळ आणि डोलकाठी यांच्या मध्ये, तक्तपोशीपर्यंत, त्यावर आखूड, जाड शीड चढले की वाऱ्याचा जोर खाली आणि मागे सरकतो. काम दिसते तितके सोपे नव्हे. तक्तपोशी एकटी तो ओढा सोसत नाही, म्हणून तिच्याखालून पोलादी कांब थेट तळाच्या बांधणीला जोडावी लागते.

आणि एवढे करूनही डोलकाठी मध्येच पुढे वाकू नये म्हणून मागल्या अंगाला दोन फिरते दोर बहुधा लागतातच. वाऱ्याच्या बाजूचा आवळायचा, दुसरा सैल सोडायचा, दिशा बदलली की अदलाबदल. कल्याणच्या खाडीतील तांडेलाला हे काम नवे वाटले नसते.