लोहित (टंक)

भारतीय लिप्यांसाठीचा मुक्तस्रोत संगणकीय टंकसमूह. 'लोहित' म्हणजे लाल. रेड हॅट कंपनीने तो २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला केला. २०११ पासून एसआयएल मुक्त टंक परवाना लागू झाला. त्यामुळे तो कोणालाही विनामूल्य वापरता, सुधारता व वाटता येतो.

मराठी टंकाची कसोटी अमरावती-अकोल्याच्या प्रदेशनामातच, 'वऱ्हाड' या शब्दात, लागते. ऱ, हलन्तचिन्ह व ह ओळीने आले, की टंकातील नियमाने पापणीसारखा अर्धा र उमटावा लागतो. साधा र घेतल्यास रफार येऊन 'वर्हाड' असे अशुद्ध रूप दिसते. म्हणूनच दुरुस्तीनंतर प्रत्येक आवृत्ती अशा शब्दांवर तपासणे, हे मुक्त टंक सांभाळणाऱ्या समूहाचे मोलाचे भाषाकार्य होय.